काखेतल्या सगळ्या गाठी काढायच्या की दोन-तीनच? आधी काखेत असतं काय ते बघू

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंचं वय ५८, उजव्या बाजूला अडीच सेंटीमीटरची गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघालाय, एक सर्जन म्हणतात काखेतल्या सगळ्या गाठी काढून टाकू, दुसरे म्हणतात आधी दोन-तीनच काढून तपासू, आणि गल्लीतल्या काकूंचा हात ऑपरेशननंतर एवढा सुजला की त्यांना ब्लाऊजची बाही उसवून घालावी लागते, म्हणून आई आता ऑपरेशनच नको म्हणतायत. तुम्ही विचारलंय की काखेत नक्की असतं काय, आणि सगळ्या काढल्या की कॅन्सर परत यायची भीती संपते का. मी कोल्हापुरात २० वर्षांच्या वर ब्रेस्टची ऑपरेशनं करतेय, कागल, गारगोटी, गडहिंग्लज, शाहूवाडी सगळीकडनं बायका येतात, आणि हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. ओपीडीत पाच मिनिटांत सांगून होत नाही म्हणून इथं जरा निवांत लिहिते.

पहिल्यांदा शब्दाचा घोळ मिटवूया. आपण ब्रेस्टमधल्या कॅन्सरलाही गाठ म्हणतो आणि काखेतल्या लिम्फ नोडलाही गाठच म्हणतो, आणि तिथंच निम्मे गैरसमज होतात. काखेतली गाठ म्हणजे आजार नव्हे, ती प्रत्येकाच्या काखेत जन्मापासून असते. पायात काटा मोडला, पिकला, की जांघेत अवधाण येतं का नाही? बोटाला नखुरडं झालं की काखेत अवधाण येतं. ते अवधाण म्हणजेच सुजलेला लिम्फ नोड. एरवी तो वालाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून बारीक, मऊ, चरबीत लपलेला असतो, हाताला लागतही नाही. प्रत्येक काखेत असे साधारण २० ते ३० असतात, कुणात कमी कुणात जास्त. म्हणून रिपोर्टमध्ये ‘१६ गाठी काढल्या’ असं वाचून घाबरू नका, कॅन्सरच्या १६ गाठी होत्या असा त्याचा अर्थ नाही. त्यातल्या कितींमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या तो आकडा वेगळा असतो आणि महत्त्वाचा तोच.

आता हे नोड करतात काय. रक्तातनं जे पाणी पेशींच्या मधल्या जागेत झिरपतं त्यातलं बरंचसं परत शिरेत जातं, पण थोडं मागं राहतं, आणि ते गोळा करून परत रक्तात सोडायला बारीक नळ्यांचं एक वेगळंच जाळं असतं. शेतकऱ्याच्या घरात निचरा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, हा शरीराचा निचरा आहे. त्या नळ्यांच्या वाटेवर जागोजागी नोड बसलेले असतात, पाणी त्यांच्यातनं गाळून पुढं जातं. ब्रेस्टमधला तीन चतुर्थांशाहून जास्त निचरा काखेकडं जातो, थोडा छातीच्या मधल्या हाडाच्या कडेनं आत असलेल्या नोडकडं जातो. आणि संपूर्ण हाताचा निचराही याच काखेतनं जातो. सगळी अडचण इथं आहे बघा. ब्रेस्टचं पाणी आणि हाताचं पाणी एकाच ठिकाणी येतं, आपल्याला ब्रेस्टकडचे नोड काढायचे असतात आणि हाताचे ठेवायचे असतात, आणि बाहेरनं बघून दोन्ही सारखेच दिसतात.

काख समजून घ्यायची तर स्वतःवरच बघा. कमरेवर हात दाबून ठेवा आणि दुसऱ्या हातानं काख चाचपा. पुढं जी जाड कड लागते तो छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर. मागची कड म्हणजे पाठीचा रुंद स्नायू, लॅटिसिमस डॉर्साय. आतल्या बाजूला बोटं दाबली की फासळ्या लागतात, त्यांच्यावर सेराटस अँटेरियर नावाचा करवतीच्या दातांसारखा स्नायू पसरलेला असतो. बाहेरच्या बाजूला दंडाचं हाड. आणि वर, गळ्याच्या हाडामागं, ही जागा निमुळती होत मानेकडं जाते, तिथनंच हाताची मोठी रक्तवाहिनी, शीर आणि हाताच्या सगळ्या नसांचा जुडगा खाली येतो. मधली सगळी पोकळी चरबीनं भरलेली आणि नोड त्या चरबीत. सर्जन नोड एक-एक वेचून काढत नाही, तो त्या ठरलेल्या हद्दीतली चरबीच अखंड काढतो आणि पॅथॉलॉजिस्ट नंतर त्यातनं नोड हुडकून मोजतो. त्यामुळं किती नोड निघाले हे सर्जनच्या हातावर जेवढं, तेवढंच पॅथॉलॉजिस्ट किती चिकाटीनं शोधतो त्यावरही असतं. पूर्ण काख साफ केली असेल तर निदान १० नोड तपासलेले असावेत अशी अपेक्षा असते. आधी केमो झालेली असेल तर नोड आकसतात, कमी सापडतात, त्यात सर्जनची चूक असेलच असं नाही.

अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकात नोडचे पाच-सहा गट असतात, पुढचा, मागचा, बाहेरचा, मधला, टोकाचा, आणि दोन स्नायूंच्या मधला रॉटरचा. ऑपरेशन टेबलवर आम्ही बोलतो ते मात्र लेव्हलच्या भाषेत. १९५५ साली बर्ग नावाच्या डॉक्टरांनी ही सोपी पद्धत मांडली. मोठ्या स्नायूच्या मागं एक लहान स्नायू आहे, पेक्टोरॅलिस मायनर, तिसऱ्या ते पाचव्या फासळीवरनं निघून खांद्याच्या पुढच्या हाडाच्या टोकाला जातो. त्या स्नायूच्या बाहेर जे नोड ते लेव्हल एक, त्याच्या पाठीमागं जे ते लेव्हल दोन, आणि त्याच्या आतल्या अंगाला, गळ्याच्या हाडाकडं, ते लेव्हल तीन. सगळ्यात जास्त नोड लेव्हल एकमध्ये. कॅन्सरही साधारण याच क्रमानं चढतो, एक, मग दोन, मग तीन. खालची पायरी सोडून थेट वर उडी मारलीय असं अगदी थोड्या जणींत होतं. या क्रमावरच पुढचं सगळं शास्त्र उभं आहे, तेवढं लक्षात ठेवा.

आता नसा. बाईला आयुष्यभर जे भोगावं लागतं ते पुष्कळदा नोडमुळं नाही, नसांमुळं असतं, म्हणून हे सविस्तर सांगते.

पहिली, लाँग थोरॅसिक नर्व्ह. ही आतल्या भिंतीवरनं, सेराटस स्नायूच्या अंगाला चिकटून सरळ खाली उतरते. दुखावली तर तो स्नायू लुळा पडतो, खांद्याचं फावडं पाठीपासून सुटून पंखासारखं बाहेर येतं आणि हात डोक्याच्या वर नीट जात नाही. मी शिकत असताना एका बाईला असं झालेलं मी बघितलंय. त्या सांगत होत्या की फडताळातला वरचा डबा काढता येत नाही, अंबाडा घालायला सुनेला हाक मारावी लागते, आणि भिंतीला टेकलं की फावडं टोचतं. ऑपरेशन कॅन्सरच्या दृष्टीनं उत्तम झालं होतं, पण त्यांच्या लेखी त्या अधू झाल्या होत्या. तेव्हापासून ही नस डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी आतल्या भिंतीजवळ कात्री चालवत नाही. चरबी ओढली की ही नस भिंतीवरनं सुटून चरबीबरोबर बाहेर येते, नवशिक्याचा हात तिथंच फसतो.

दुसरी, थोरॅकोडॉर्सल. मागच्या बाजूला, आपल्याच नावाच्या धमनी-शिरेसोबत लॅटिसिमस स्नायूत जाते. ही गेली तर वरनं खाली ओढायची ताकद कमी होते, विहिरीवरनं दोर ओढतो तसली. रोजच्या कामात एखादीला फारसं जाणवणारही नाही, पण पुढं कधी पाठीचा स्नायू फिरवून ब्रेस्ट परत बनवायचं ठरलं तर त्या स्नायूचं रक्त याच जुडग्यातनं येतं. तो जुडगा राखलाच पाहिजे.

तिसरी, इंटरकॉस्टोब्रेकियल, म्हणायला छोटी पण जिच्याबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी येतात ती. दुसऱ्या फासळीच्या फटीतनं बाहेर पडते आणि चरबीच्या बरोबर मधनं आडवी जाऊन काखेची आणि दंडाच्या आतल्या बाजूची जाणीव देते. ती नोडच्या मधनंच जात असल्यामुळं कित्येकदा कापली जाते. मग दंडाच्या आतला भाग बधीर राहतो, मुंग्या येतात, काहींना आग होते, पाण्याचा तांब्या अंगावर घेतला तरी त्या जागी गार-गरम कळत नाही. जीवाला धोका काहीच नसतो, हाताची हालचालही जात नाही, पण आधी कुणी सांगितलेलं नसेल तर बाई घाबरते, तिला वाटतं कॅन्सर हातात उतरला. शक्य असेल तेव्हा ही नस वाचवता येते, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. तिच्या लगतच नोडात कॅन्सर असेल तर मात्र मी ती नस नोडबरोबर जाऊ देते, तिथं वाचवायचा हट्ट करत नाही.

आणि वरची हद्द म्हणजे अ‍ॅक्सिलरी व्हेन, हाताची मोठी शीर. तिच्या खालच्या कडेपर्यंत जायचं, तिच्यावर चढायचं नाही आणि तिला सोलून उघडी करायची नाही, कारण हाताकडनं येणाऱ्या लिम्फच्या नळ्या मुख्यतः त्याच पट्ट्यातनं जातात. तुमच्या गल्लीतल्या काकूंचा हात का सुजला ते मी बघितल्याशिवाय सांगू शकत नाही, पण या पट्ट्याला जितका कमी धक्का तितकं हाताचं बरं, हे नक्की. शंभरात सहा-सात जणींत काखेत लँगरची कमान म्हणून जादा स्नायूची एक पट्टीही आडवी असते, ती ओळखली नाही तर शीर कुठली आणि हद्द कुठली हेच चुकतं. म्हणून म्हणते, काखेचं ऑपरेशन ‘ब्रेस्टबरोबर जाता जाता’ उरकायचं नसतं, निम्मं लक्ष तिथं लागतं.

आता तुमचा खरा प्रश्न, सगळ्या काढल्या की भीती संपते का. गावाकडची माणसं मला हेच म्हणतात, ‘बाई, समदं मुळासकट उपटून टाका, काय बी ठेवू नका.’ त्यांची भावना मला कळते, आणि एके काळी सगळ्या जगाचे सर्जन असाच विचार करत होते. अमेरिकेत हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपली मोठी शस्त्रक्रिया मांडली, ब्रेस्ट, छातीचे दोन्ही स्नायू आणि पूर्ण काख एकत्र काढायची. कल्पना अशी की कॅन्सर पायरीपायरीनं पसरतो, नोड हा बांध आहे, बांधासकट काढलं की संपलं. पुढची कितीतरी दशकं बायका बुडालेली छाती आणि सुजलेला हात घेऊन जगल्या. १९४८ साली लंडनच्या पेटी यांनी मोठा स्नायू राखून करायच्या ऑपरेशनची पद्धत छापली, मग हळूहळू लहान स्नायूही राखला जाऊ लागला.

पण खरा प्रश्न विचारला तो अमेरिकेतलेच सर्जन बर्नार्ड फिशर यांनी. १९७१ साली त्यांच्या गटानं बी-०४ नावाचा अभ्यास सुरू केला. ज्यांच्या काखेत हाताला काही लागत नव्हतं अशा १०७९ बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाची काख पूर्ण काढली, दुसऱ्या गटाला काखेला शेक (रेडिएशन) दिला, तिसऱ्या गटात फक्त ब्रेस्ट काढलं आणि काखेला हातच लावला नाही, पुढं नोड वाढला तरच काढायचा. २५ वर्षांनी, २००२ मध्ये निकाल छापला, तिन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. आणि आणखी एक गोष्ट, जी मी शिकाऊ डॉक्टरांना हमखास सांगते. ज्यांची काख काढली त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के बायकांच्या नोडमध्ये कॅन्सर सापडला, म्हणजे ज्यांची काढली नाही त्यांच्यातही साधारण तेवढाच असणार, पण काखेला हातच न लावलेल्या तिसऱ्या गटात फक्त १८ टक्क्यांच्या आसपास बायकांना पुढं काखेत कॅन्सरची गाठ आली. बाकीच्यांमध्ये तो वाढून वर आलाच नाही.

म्हणजे नोड हा निरोप्या आहे ताई. कॅन्सर ब्रेस्टच्या बाहेर पडायला शिकलाय का, किती जोरात, हे तो सांगतो, आणि त्यावरनं केमो, शेक, गोळ्या काय द्यायचं ते ठरतं. पुढं हाडात, फुफ्फुसात जायचं ते बऱ्याचदा रक्तातनं जातं, काखेत थांबून परवानगी घेऊन जात नाही. निरोप वाचायला दोन-तीन नोड पुरत असतील तर पंचवीस काढून बाई जास्त बरी होत नाही, फक्त तिचा हात जास्त धोक्यात येतो. एवढं एकच तुम्हाला पटवायचंय आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती आहे.

दुसरे सर्जन जे म्हणतायत ते सेंटिनल नोड बायोप्सी. आपल्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत ना एकामागं एक, समजा वरनं काही वाहून आलं तर ते आधी पहिल्या बंधाऱ्याला अडकणार. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा किती फुटांवर आहे हे बघून आपण पावसाळ्यात अख्ख्या शहराचा अंदाज बांधतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, प्रत्येक गावाची नदी मोजत फिरत नाही. तसा ब्रेस्टच्या निचऱ्याचा पहिला बंधारा, म्हणजे पहिला नोड शोधायचा, त्यालाच सेंटिनल नोड म्हणतात. मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरसाठी मॉर्टन यांनी १९९२ मध्ये निळा रंग वापरून ही पद्धत दाखवली, १९९३ मध्ये क्रॅग यांनी ब्रेस्टसाठी किरणोत्सारी द्रव्य आणि ते हुडकणारा प्रोब वापरला, १९९४ मध्ये जुलियानो यांनी ब्रेस्टमध्ये निळ्या रंगानं करून दाखवलं. ऑपरेशनच्या वेळी स्तनाग्राच्या भोवती रंग टोचायचा, पाच मिनिटं चोळायचं, मग काखेत छोटा छेद घेऊन निळी झालेली नळी पकडायची आणि तिच्या मागोमाग जाऊन पहिला निळा नोड गाठायचा. तो बहुतेक वेळा लेव्हल एकमध्ये, छातीच्या कडेनं जाणाऱ्या लॅटरल थोरॅसिक शिरेच्या आसपास, त्याच इंटरकॉस्टोब्रेकियल नसेच्या थोडा खाली किंवा वर सापडतो. आम्ही आपल्याकडं मिथिलीन ब्लू वापरतो, स्वस्त असतं, सहज मिळतं. जिथं न्यूक्लिअर मेडिसिन आहे तिथं टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य आणि गॅमा प्रोब, काही ठिकाणी हिरवा चमकणारा आयसीजी रंग आणि त्याचा कॅमेरा. दोन पद्धती एकत्र केल्या तर नोड चुकायची शक्यता कमी. ऑपरेशननंतर आईंची लघवी निळसर-हिरवी होईल, घाबरू नका, एक-दोन दिवसांत जाते. मात्र आई डिप्रेशनच्या गोळ्या घेत असतील तर आधी भूलतज्ज्ञांना जरूर सांगा, काही गोळ्यांशी मिथिलीन ब्लूचं जमत नाही.

ही पद्धत शंभर टक्के बिनचूक नाही, तेही सांगते. बी-३२ नावाच्या मोठ्या अभ्यासात ५६११ बायका होत्या, आणि ज्यांच्या नोडमध्ये खरोखर कॅन्सर होता त्यांच्यातल्या साधारण दहा टक्क्यांत सेंटिनल नोडनं तो दाखवला नाही. तरीही २०१० मध्ये निकाल आला तेव्हा पूर्ण काख काढलेल्या आणि न काढलेल्या बायकांच्या जगण्यात फरक नव्हता, कारण सुटलेलं बाकीची ट्रीटमेंट सांभाळून घेते. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या सर्जननी आपल्याकडची परिस्थिती बघून लो अ‍ॅक्सिलरी सँपलिंग म्हणून एक पद्धत तपासली, त्यात रंग-प्रोब काही नाही, त्या इंटरकॉस्टोब्रेकियल नसेच्या खालची चरबी अखंड काढून तपासायची. जिथं साधनं नाहीत तिथं हा चांगला मार्ग आहे, आणि तो निव्वळ अ‍ॅनाटॉमीवर उभा आहे म्हणून मला आवडतो.

सेंटिनलमध्ये कॅन्सर निघाला तर? पूर्वी लगेच पूर्ण काख काढायचो. मग झेड-००११ अभ्यास झाला, ८९१ बायका, गाठ पाच सेंटीमीटरपर्यंत, काखेत हाताला काही न लागणारं, ब्रेस्ट राखून ऑपरेशन आणि नंतर ब्रेस्टला शेक, आणि एक किंवा दोन सेंटिनल पॉझिटिव्ह, म्हणजे त्यांत कॅन्सर सापडलेला. निम्म्यांची काख काढली, निम्म्यांची तशीच ठेवली. दहा वर्षांनी न काढलेल्यांत ८६.३ टक्के हयात, काढलेल्यांत ८३.६, म्हणजे न काढल्यानं नुकसान झालं नाही. गंमत म्हणून नाही, नीट कळावं म्हणून सांगते, काढलेल्या काखांपैकी २७ टक्क्यांत आणखी पॉझिटिव्ह नोड होते, म्हणजे न काढलेल्यांतही ते मागं राहिलेले असणार, तरी पाच वर्षांत काखेत परत येणं एक टक्क्याच्याही खाली राहिलं. अमारोस नावाच्या युरोपातल्या अभ्यासात पॉझिटिव्ह सेंटिनलनंतर काख काढणं आणि काखेला शेक देणं याची तुलना झाली. काखेतला कॅन्सर दोन्हीकडं आटोक्यात, पण पाच वर्षांनी काख काढलेल्यांत हाताची सूज २३ टक्के आणि शेक दिलेल्यांत ११ टक्के.

पण हे वाचून ‘मग काख कधीच काढायची नाही’ असं समजू नका, तीही तेवढीच मोठी चूक. आपल्याकडं बायका उशिरा येतात, घरचं सगळं आवरून, ऊस गेल्यावर, लग्न उरकल्यावर दाखवू म्हणत. काखेत हाताला कडक, एकमेकांना चिकटलेले नोड लागत असतील आणि सुई टेस्टमध्ये कॅन्सर सिद्ध झाला असेल तर तिथं सेंटिनलचा अर्थ उरत नाही, बंधारा आधीच गाळानं भरलाय, रंग तिथनं जाणारच नाही आणि भलत्याच नोडकडं वळेल. अशा वेळी बहुतेकदा आधी केमो. नोड पूर्ण विरघळले तर परत विचार करता येतो, पण झेड-१०७१ अभ्यासात केमोनंतरच्या सेंटिनलची चूक १२.६ टक्के निघाली, तीन किंवा जास्त सेंटिनल काढले तर ९ टक्क्यांच्या आसपास आली. म्हणून आता केमोआधीच त्या कॅन्सर असलेल्या नोडमध्ये छोटी क्लिप टाकून ठेवतात आणि ऑपरेशनमध्ये तो नोड आणि सेंटिनल दोन्ही काढतात. आणि केमोनंतरही नोड हाताला लागत असतील तर लेव्हल एक-दोन व्यवस्थित साफ करायचं, तिसऱ्या लेव्हलला काही दिसलं तर तेही, काही सेंटरमध्ये जास्त पसरलेल्या आजारात तिसरी लेव्हल काढतातच. तिथं हाताच्या भीतीनं अर्धवट काम करणं मला मान्य नाही. अर्धी काख काढली की सूजही येऊ शकते आणि कॅन्सरही मागं राहतो, आणि दुसऱ्यांदा आत जाताना सगळं एकमेकाला चिकटलेलं असतं, नसा कुठं आहेत ते सापडत नाही.

हाताबद्दल. पूर्ण काख काढल्यावर साधारण पाचातल्या एकीला कमी-अधिक सूज येते, सेंटिनलमध्ये वीसातल्या एकीला. शिरोळकडची क्षारपड रानं बघितलीत का, निचरा बंद झाला की वरनं हिरवं दिसणारं रान आतनं पाणथळ होत जातं आणि मग माती कडक, पांढरी. हाताचंही तसंच, सुरुवातीला सूज मऊ असते, दाबलं की खळगा पडतो, तेव्हा पट्ट्या, स्लीव्ह (दाब देणारी घट्ट बाही) आणि फिजिओथेरपिस्टकडनं मसाज सुरू केला तर चांगलं उतरते, वर्षानुवर्षं तशीच ठेवली की कातडी जाड होते आणि मग उतरवणं अवघड. म्हणून बांगड्या एका हातात घट्ट व्हायला लागल्या, अंगठीचा वळ उठायला लागला की तिथंच दाखवायचं, खांबासारखा होईपर्यंत थांबायचं नाही.

हाताला सगळ्यात मोठा शत्रू जंतुसंसर्ग. उसाचा पाला, काटा, चुलीचा चटका, धार काढताना म्हशीच्या दाव्यानं सोललेलं, यातनं हात लाल-गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हळद लावून दोन दिवस वाट बघायची नाही. पाल्यात जाताना पूर्ण बाहीचा शर्ट आणि हातमोजे. वजन वाढू देऊ नका, तेही एक कारण आहे. त्या हातावर बीपी, सुई नको असं आम्ही सगळेच सांगतो, दुसरा हात मोकळा असेल तर पाळावं, पण २०१६ च्या एका अभ्यासात त्यानं सूज वाढल्याचं दिसलं नाही, त्यामुळं घाईच्या वेळी कुणी त्या हाताला सुई लावली तर रात्रभर जागून काळजी करू नका. आणि हात उचलूच नको, कळशी घेऊ नको, हे जुनं सांगणं विसरा. २००९ मध्ये १४१ बायकांवर अभ्यास झाला, सूज असलेल्या बायकांनी हळूहळू वाढवत वजन उचललं तरी सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. एकदम पोतं उचलायचं नाही, चढत्या क्रमानं जायचं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघड-मीट, नंतर भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, नाहीतर खांदा आखडतो. काखेतनं कोपरापर्यंत ताणलेली दोरी उठल्यासारखं वाटलं तर तेही बऱ्याच जणींना होतं, व्यायामानं काही आठवड्यांत सुटतं. ऑपरेशननंतर काखेत ठेवलेल्या नळीतलं पाणी दिवसाला ३० मिलीच्या खाली आलं की बहुतेक ठिकाणी नळी काढतात.

दोन डॉक्टर दोन वेगळं सांगतायत म्हणून एक चूक, एक बरोबर असं धरून चालू नका, दोघांनी वेगवेगळी तपासणी केली असेल किंवा एकाकडं रंग-प्रोबची सोय नसेल. भांडणाच्या सुरात नको, साधं विचारा, आईच्या काखेत हाताला काही लागतंय का, सेंटिनल करता का आणि कशानं करता, टेबलवर लगेच तपासणी होते का नंतर रिपोर्ट येतो, पॉझिटिव्ह आला तर पुढं काय, काख काढावी लागली तर कुठल्या लेव्हलपर्यंत. जो सर्जन काखेत रोज काम करतो त्याला ही उत्तरं द्यायला आवडतात. दोन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीत सोनोग्राफी स्वच्छ असेल तर सेंटिनलही टाळता येतं का यावर इटलीतला २०२३ चा अभ्यास आहे आणि निकाल चांगले आहेत, पण आईंची गाठ अडीचची आहे, त्यामुळं तो हिशोब जसाच्या तसा त्यांना लावू नका.

तुम्ही लिहिलेल्या माहितीत एक गोष्ट नाही, काखेची सोनोग्राफी झाली का आणि त्यात संशयास्पद नोड दिसला असेल तर त्यातनं सुई टेस्ट केली का. ब्रेस्टच्या सोनोग्राफीच्या त्याच कागदावर खाली ‘अ‍ॅक्सिला’ म्हणून एक-दोन ओळी असतात, तिथं नोडची साल जाड झालीय किंवा मधली चरबी दिसत नाही असं काही लिहिलंय का बघा, आणि बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सर कुठल्या औषधांना दाद देईल ते सांगणाऱ्या तीन तपासण्या) काय आलंय तेही. हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असेल तर अडीच सेंटीमीटरलाही आधी केमो द्यायचा विचार होतो, मग काखेचा सगळा क्रमच बदलतो. ते दोन कागद हातात घेऊन लिहा, मग आईंच्या बाबतीत मी काय केलं असतं ते नेमकं सांगते.